पाण्यात दिसलेला विषाणू : फेब्रुवारी २०२० मधल्या अमेरिकी चाचणी किटचं प्रकरण

पीसीआर म्हणजे नमुन्यातला विषाणूचा जनुकीय तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखणारी चाचणी. तिच्या प्रत्येक खेपेत एक नळी मुद्दाम रिकामी ठेवतात. रिकामी म्हणजे अगदी कोरडी नव्हे. प्रायमर आणि प्रोब, म्हणजे विषाणूच्या तुकड्याला जुळणारे छोटे जनुकीय धागे, आणि एन्झाइम सगळं तिच्यात असतं, फक्त रुग्णाचा नमुना नसतो. त्याच्या जागी शुद्ध पाणी घालतात. या नळीकडून एकच अपेक्षा असते, तिनं काही दाखवू नये. विषाणू सापडला की यंत्राच्या पडद्यावर त्या नळीची रेषा वर चढते. शेजारच्या नळ्यांच्या रेषा चढोत न चढोत, हिची रेषा शेवटच्या आवर्तनापर्यंत तळाशी आडवी राहिली पाहिजे. ती उठली, तर त्या खेपेतला एकही निकाल धरायचा नाही. पॉझिटिव्ह नाही आणि निगेटिव्हही नाही.

फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर अमेरिकेतल्या एकेका राज्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत ही रेषा उठू लागली. कोरोनाच्या चाचणीचे किट अटलांटाहून आले होते, सीडीसीकडून, म्हणजे सेंटर्स फॉर डिसीज कंट्रोल अँड प्रिव्हेन्शन या तिथल्या राष्ट्रीय संस्थेकडून. नवीन किट आलं की रुग्णांचे नमुने लावण्याआधी ते आपल्याकडे नीट चालतं का हे प्रयोगशाळेनं पडताळून बघायचं असतं. ती पडताळणी करणाऱ्यांनी आधी स्वतःवरच शंका घेतली असणार. हे काम केलेल्या कुणालाही ती भावना ओळखीची वाटेल. पिपेट बदलायचा, टेबल पुसायचं, हातमोजे बदलायचे, नवी नळी उघडून पुन्हा खेप लावायची. आणि पुन्हा तेच. पाण्यात विषाणू.

देशभरातल्या प्रयोगशाळांत हे घडत असताना खरा विषाणू वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांत माणसांमधून माणसांत पसरत होता. त्या तीन आठवड्यांत तो कुठे आहे हे बघण्याचं साधन देशाच्या हातात जवळजवळ नव्हतंच. या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेक जण ‘किट खराब निघालं’ एवढ्यावर थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. किट खराब निघू शकतं. ते खराब निघाल्यावर दुसरी वाट का नव्हती, आणि ती नाही हे कळायला इतका वेळ का लागला, हा माझ्या मते प्रकरणाचा गाभा आहे.

तयारी उत्तम होती

सीडीसी ही लहानसहान संस्था नाही. १९४६ मध्ये मलेरियाविरुद्धच्या कामातून अटलांटात उभी राहिलेली ही संस्था पुढे जगभरच्या साथरोगतज्ज्ञांसाठी मापदंड ठरली. २००९ च्या एच१एन१ फ्लूच्या वेळी तिनं एप्रिलच्या मध्यात देशातला पहिला रुग्ण ओळखला आणि १ मे रोजी राज्यांच्या प्रयोगशाळांकडे किट रवाना व्हायला सुरुवातही झाली. सीडीसी चाचणी बनवते, राज्यांना देते आणि राज्यं वापरतात, ही पद्धत रुळलेली होती आणि ती चाललीही होती.

या वेळीही सुरुवात झपाट्यानं झाली. ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानच्या आरोग्य यंत्रणेनं कारण न कळलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांची माहिती जाहीर केली. ११ जानेवारीच्या सुमारास चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूचा जनुकीय क्रम जगासमोर ठेवला. दहा दिवसांच्या आत सीडीसीकडे काम करणारी चाचणी तयार होती. १५ जानेवारीला वुहानहून परतलेला वॉशिंग्टन राज्यातला एक माणूस १९ तारखेला दवाखान्यात गेला, त्याचा नमुना अटलांटाला पोहोचला आणि २० जानेवारीला निदान पक्कं झालं. अमेरिकेतला पहिला रुग्ण सीडीसीच्या याच चाचणीनं सापडला. म्हणजे अटलांटाच्या प्रयोगशाळेत चाचणी चालत होती. ती मोठ्या संख्येनं बनवून, डबाबंद करून शंभरेक ठिकाणी पाठवायची वेळ आली तेव्हा बिघडली.

चाचणीची रचना थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातून आला. विषाणूच्या एकाच जनुकातले तीन भाग ती शोधत असे : एन-१, एन-२ आणि एन-३. पहिले दोन फक्त या नव्या विषाणूसाठी होते. तिसरा, म्हणजे एन-३, सार्ससारख्या (श्वसनाचा गंभीर आजार घडवणारा आधीचा कोरोना विषाणू) सगळ्याच भावंड विषाणूंना पकडेल असा बनवला होता. याखेरीज नमुन्यात माणसाच्या पेशी नीट आल्या आहेत का हे बघायला एक मानवी जनुक. नियम असा की विषाणूचे तिन्ही भाग उठले तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. नवा, अनोळखी विषाणू समोर असताना इतकी काळजी घेणं चूक नव्हे. पण तीन पायांच्या तिवईचा एक पाय मोडला की तिवई उभी राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या ख्रिस्टियान ड्रोस्टेन यांच्या गटानं तयार केलेली चाचणीपद्धत जानेवारीच्या मध्यातच प्रसिद्ध केली होती. ‘अमेरिकेनं संघटनेचं किट नाकारलं’ असं पुढे बरंच पसरलं. ते खरं नाही. संघटनेनं ते अमेरिकेला देऊ केलंच नव्हतं, तिचा पुरवठा कमी साधनं असलेल्या देशांसाठी होता. मात्र ती पद्धत सगळ्यांसाठी खुली होती आणि घरची चाचणी अडली तर पर्याय म्हणून ती बाजूला तयार ठेवता आली असती. तसं झालं नाही.

आणीबाणीनं दार अरुंद केलं

३१ जानेवारीला अमेरिकी सरकारनं सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. ४ फेब्रुवारीला एफडीए या औषध आणि अन्न नियामक संस्थेनं सीडीसीच्या चाचणीला आणीबाणीतली वापर-परवानगी दिली. लगेच सुमारे २०० किट देशातल्या प्रयोगशाळांसाठी निघाली, जवळपास तेवढीच परदेशांतल्या निवडक प्रयोगशाळांसाठी. एका किटमध्ये ७०० ते ८०० रुग्णांचे नमुने तपासता येतील, असं संस्थेनं सांगितलं. कागदावर हा आकडा दीड लाखाच्या घरात जातो.

आता या आणीबाणीचा उलटा परिणाम बघा. एरवी अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांच्या आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळा स्वतःच्या वापरासाठी स्वतःची चाचणी बनवतात आणि वापरतात, त्यासाठी एफडीएच्या दारात जावं लागत नाही. पण आणीबाणीतल्या परवानगीची वाट सुरू झाली की या रोगासाठीच्या प्रत्येक चाचणीला ती परवानगी घ्यावी लागणार, अशी नियमांची मांडणी होती. हेतू चांगला होता, साथीच्या गोंधळात कुणी निरुपयोगी चाचण्या विकू नयेत. परिणाम असा झाला की ज्यांच्याकडे यंत्रं होती, माणसं होती, ज्ञान होतं, त्या शेकडो प्रयोगशाळा शांततेच्या काळात जे करू शकल्या असत्या ते आणीबाणीत करू शकत नव्हत्या. सगळा देश एका किटवर टेकला.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले अ‍ॅलेक्स ग्रेनिंजर यांचा अनुभव यात फार बोलका आहे. त्यांच्या प्रयोगशाळेनं स्वतःची चाचणी तयार केली होती. परवानगीचा अर्ज त्यांनी ईमेलनं पाठवला, तर कळलं की कागदी प्रत आणि सोबत सीडी किंवा पेन ड्राइव्ह टपालानं आल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही. शिवाय ही चाचणी सार्स आणि मर्स (आणखी एक जुना कोरोना आजार) यांच्या विषाणूंना चुकून पकडत नाही हेही दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी सार्सचं जनुकीय साहित्य सीडीसीकडे मागितलं, तर ते फार धोकादायक म्हणून मिळालं नाही. आपल्याच राज्यात पहिला रुग्ण सापडलेला असताना तयार चाचणी कपाटात ठेवून हे सगळं करत बसायचं! नियम कुणी वाईट बुद्धीनं लावत नव्हतं, हे मान्य. पण मागच्या साथीच्या बेतानं शिवलेला नियम या साथीच्या अंगाला बसत नव्हता, आणि तो उसवून देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना घाई वाटत नव्हती.

न दिसणारं वर्तुळ

घाई का वाटत नव्हती? सगळ्यात खोल चूक मला इथे दिसते.

१२ फेब्रुवारीला सीडीसीच्या अधिकारी नॅन्सी मेसोनियर यांनी पत्रकारांना सांगितलं की काही राज्यांकडून निकाल नक्की लागत नसल्याच्या तक्रारी आल्या आहेत, एक घटक नीट काम करत नाही आणि तो नव्यानं बनवून पाठवला जाईल. तोवर नमुने अटलांटालाच पाठवायचे. अटलांटाच्या एका ठिकाणाहून किती होणार? साहजिकच चाचणी कुणाची करायची याचे निकष कडक राहिले : लक्षणं हवीत आणि सोबत चीनचा प्रवास किंवा पक्क्या रुग्णाचा संपर्क हवा.

या निकषाचा अर्थ काय होतो ते थोडं थांबून बघू. चीनला गेलेल्यांचीच चाचणी केली तर चीनला गेलेलेच रुग्ण सापडणार. मग नकाशावर दिसणार की रोग फक्त बाहेरून येतोय, देशात पसरत नाही. देशात पसरत नाही म्हटल्यावर चाचण्या कमी असल्या तरी निभावेल असं वाटणार. निभावतंय म्हटल्यावर नवा घटक यायला आणखी आठवडा लागला तरी कुणाची झोप उडणार नाही. चाचणी नाही म्हणून रुग्ण नाहीत, आणि रुग्ण नाहीत म्हणून चाचणीची निकड नाही. हे वर्तुळ आतून बघणाऱ्याला दिसत नाही. सीडीसीतली माणसं आळशी होती किंवा बेफिकीर होती असं म्हणणं अन्यायाचं होईल, ती रात्रंदिवस राबत होती. पण ज्या आकड्यांवरून ती परिस्थितीचा अंदाज बांधत होती ते आकडे त्यांच्याच मोडक्या साधनानं घडवलेले होते.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला तरी, परदेशातून सरकारी विमानांनी आणलेले लोक वगळता, सीडीसीनं जाहीर केलेली तपासलेल्यांची संख्या पाचशेच्या आत होती.

वर्तुळ फुटलं ते एका रुग्णामुळे. कॅलिफोर्नियाच्या सोलानो काउंटीतली एक गंभीर आजारी व्यक्ती १९ फेब्रुवारीला दुसऱ्या रुग्णालयातून सॅक्रामेंटोच्या विद्यापीठ रुग्णालयात आणली गेली. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी चाचणीची विनंती केली. ना परदेश प्रवास, ना ज्ञात संपर्क. म्हणजे निकषात बसत नाही. चाचणीचा आदेश यायला २३ तारीख उजाडली आणि निकाल २६ ला आला : पॉझिटिव्ह. देशात कुठून लागण झाली हे सांगता न येणारा पहिला जाहीर रुग्ण हाच. तोवर त्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्या डझनावारी कर्मचाऱ्यांना घरी बसवावं लागलं. दुसऱ्या दिवशी निकष सैल झाले. चार मार्चला तर डॉक्टर सांगेल त्या कुणाचीही चाचणी करायला हरकत नाही, असं ठरलं.

सिएटलमध्ये त्याच दिवसांत दुसरं काही चाललं होतं. हेलन चू या तिथल्या संसर्गरोगतज्ज्ञ फ्लूवरच्या एका संशोधनासाठी लोकांच्या नाकातले नमुने गोळा करत होत्या. ते कोरोनासाठी तपासू द्या अशी त्यांची मागणी होती, परवानगी मिळत नव्हती. २५ फेब्रुवारीला त्यांच्या गटानं परवानगीविनाच तपासणी सुरू केली आणि कुठेही प्रवास न केलेल्या एका शाळकरी मुलाचा नमुना पॉझिटिव्ह निघाला. विषाणू तिथे होताच, बघायला मात्र कुणाला मुभा नव्हती.

२५ तारखेलाच मेसोनियर यांनी उघडपणे सांगितलं की देशात प्रसार होणार का हा प्रश्न आता उरलेला नाही, तो केव्हा होणार एवढाच प्रश्न आहे, आणि रोजच्या जगण्यात मोठा व्यत्यय येऊ शकतो याची लोकांनी तयारी ठेवावी. घरी नाश्त्याच्या वेळी मुलांनाही हेच सांगितल्याचं त्या म्हणाल्या. त्या महिन्यातलं हे सरकारी बाजूनं झालेलं सगळ्यात प्रामाणिक बोलणं होतं, असं मी मानतो. त्यानंतर त्या सार्वजनिक मंचावर हळूहळू दिसेनाशा झाल्या.

तिवईचा तिसरा पाय

२४ फेब्रुवारीला सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय संघटनेनं एफडीएचे आयुक्त स्टीफन हान यांना पत्र लिहून आमच्या आम्हाला चाचण्या बनवू द्या अशी विनंती केली. २६ ला तोडगा निघाला, आणि तो इतका साधा होता की वाचताना जीव हळहळतो. एन-३ सोडून द्या. एन-१ आणि एन-२ वरून निकाल काढा.

तक्रारी मुख्यतः एन-३ बद्दलच होत्या. ज्या प्रयोगशाळांत तेवढाच घटक बिघडत होता त्यांच्या फ्रीजमध्ये बाकी किट पडून होतं. विषाणू ओळखायला पहिले दोन भाग पुरेसे आहेत हे शास्त्रीयदृष्ट्या आधीही खरं होतं. पण परवानगी तीन भागांच्या चाचणीला होती. दोन भागांच्या चाचणीला नव्हती. तक्रार कळल्यापासून तोडग्यापर्यंत अडीच आठवडे गेले. साथीत रुग्णसंख्या काही दिवसांत दुप्पट होते, तेव्हा अडीच आठवडे म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

२९ फेब्रुवारीला एफडीएनं धोरण बदललं : सक्षम प्रयोगशाळांनी आपली चाचणी पडताळून लगेच सुरू करावी, कागदपत्रं पंधरा कामकाजी दिवसांत द्यावीत. नवी किटं आयोवातल्या एका खासगी कंपनीनं बनवली, त्यात एन-१ आणि एन-२ च होते. त्याच २९ तारखेला वॉशिंग्टन राज्यानं देशातला तोवरचा पहिला मृत्यू जाहीर केला. तिथल्या कर्कलंडमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात उद्रेक झाल्याचंही उघड झालं. १८ मार्चपर्यंत त्या एका केंद्राशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले होते. त्यातले १०१ तिथे राहणारे वृद्ध होते आणि त्या वृद्धांपैकी ३४ जण दगावले.

मग बिघडलं होतं नेमकं काय? २२ फेब्रुवारीला एफडीएचे टिमथी स्टेंझेल अटलांटाला पोहोचले. सीडीसीनं किट बनवताना स्वतःचीच कार्यपद्धती पाळली नव्हती, असं एफडीएनं पुढे सांगितलं. किटचं साहित्य आणि विषाणूचं जनुकीय साहित्य यांच्यात जे अंतर राखायला हवं होतं ते राखलं गेलं नव्हतं. पीसीआरमध्ये हे पहिलं पथ्य, कारण एका तुकड्याचे अब्जावधी करणारं हे तंत्र हवेतून आलेल्या कणालाही मोठा करून दाखवतं. डिसेंबर २०२१ मध्ये सीडीसीच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यात दोन वेगळे दोष निघाले. एन-१ मध्ये चाचणी तपासण्यासाठी बनवलेला कृत्रिम तुकडा मिसळला होता, बहुधा सीडीसीच्याच आवारात गुणवत्ता तपासताना. एन-३ ची गोष्ट वेगळी : तिथे दूषितीकरण नव्हतं, रचनाच अशी होती की प्रायमर आणि प्रोब एकमेकांशीच जुळून नमुना नसतानाही खोटा संकेत देत. म्हणजे एक दोष हातांचा आणि एक आराखड्याचा, आणि दोन्ही एकाच खेपेत.

याहून बोचणारी गोष्ट संस्थेच्या अंतर्गत चौकशीतून बाहेर आली. किट पाठवण्याआधीच्या शेवटच्या तपासणीत ते सुमारे ३३ टक्के वेळा चुकू शकेल असं दिसलं होतं. तरी ते रवाना झालं. बनवणारी संस्था तीच, तपासणारी तीच आणि तारीख गाठायचा दबावही तिच्यावरच. बाहेरच्या कुणी ते किट आधी दोन प्रयोगशाळांत चालवून बघितलं असतं तर पाण्याची नळी तिथेच बोलली असती.

त्याच दिवसांत सोलमध्ये

तुलना थोडक्यात करतो, कारण दोन्ही देशांत पहिला रुग्ण एकाच तारखेला, २० जानेवारीला, पक्का झाला होता. दक्षिण कोरियाला २०१५ मध्ये मर्सनं पोळलं होतं. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू आणि चाचण्या वेळेत न झाल्याची सल. त्यानंतर त्यांनी कायदा बदलून आणीबाणीत खासगी चाचण्यांना झटपट मान्यता देण्याची सोय केली. २७ जानेवारी २०२० ला, देशात चारच रुग्ण असताना, कोरियाच्या रोगनियंत्रण संस्थेनं सोल रेल्वे स्थानकातल्या एका सभागृहात वीसेक कंपन्यांना बोलावून सांगितलं : चाचणी बनवा, आम्ही मान्यता लवकर देऊ. ४ फेब्रुवारीला पहिल्या कंपनीला मान्यता मिळाली. तारीख लक्षात घ्या, सीडीसीच्या किटला परवानगी मिळाली तीच. १८ फेब्रुवारीला दैगू शहरातला उद्रेक उघड झाला तेव्हा चाचण्या हाताशी होत्या, आणि महिनाअखेरीस तपासलेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या बरीच पुढे गेली होती.

कोरियन शास्त्रज्ञ अमेरिकी शास्त्रज्ञांहून हुशार होते म्हणून हे झालं नाही. पहिल्या चार रुग्णांवरच तिथल्या संस्थेनं हे काम आपल्या एकटीच्या हातात ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. एका कंपनीचं किट बिघडलं असतं तर दुसरीचं होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये सीडीसीच्या तेव्हाच्या संचालक रोशेल वॉलेन्स्की यांनी चाचण्या, आकडेवारी आणि लोकांशी संवाद या तिन्ही बाबतींत संस्थेकडून मोठ्या, ढळढळीत चुका झाल्याची जाहीर कबुली दिली आणि संस्थेची फेररचना सुरू केली. अशी कबुली देणाऱ्या संस्था जगात थोड्या आहेत, आणि याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

एक नोंद राहिली. २१ एप्रिल २०२० ला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीनं जाहीर केलं की तिथे फेब्रुवारीत घरीच मरण पावलेल्या दोन व्यक्तींच्या जपून ठेवलेल्या ऊतींमध्ये सीडीसीला हा विषाणू सापडला आहे. तेव्हा चाचण्या प्रवास केलेल्यांपुरत्या आणि ठरावीक लक्षणं असलेल्यांपुरत्या मर्यादित होत्या, म्हणून दोघांचीही चाचणी झाली नव्हती. दुसरा मृत्यू १७ फेब्रुवारीचा होता. पहिला ६ फेब्रुवारीचा, म्हणजे अटलांटाहून किट निघाल्याचं सीडीसीनं देशाला कळवलं, त्या दिवशीचा.